ब्रेकला दोन थेंब

ती. मामा,

नमस्कार आधी तुम्हाला, मग मामींना. (पोचताना तो उलट्या क्रमाने पोचेल, कारण पाकिटं त्याच फोडतात.) तुमची कंबर कशी आहे? दुकानातल्या स्टुलावर उशी घ्यायला लागलात, की अजून उशी म्हणजे म्हातारपण असंच चालू आहे? मामींचा गुडघा बरा असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे, भूक वेळेवर लागते, झोप वेळेआधी. पत्राला उशीर झाला म्हणून रागावला असाल, तर सगळा राग आत्ताच काढू नका, थोडा शिल्लक ठेवा, पुढे लागेल.

नोकरी आहे. एका जागी वर्षभर टिकल्याशिवाय घराची पायरी चढायची नाही, ही तुमची अट मी विसरलेलो नाही. ही चौथी जागा आणि अकरा महिने झाले. (लिफ्टवरची नोकरी मी का सोडली ते तुम्ही अजून विचारता. दिवसभर वर-खाली व्हायचो, पण पुढे कुठे जात नव्हतो, एवढंच.) आता ज्यांची गाडी चालवतो ते साहेब पियानो सुरात लावतात. वय सत्तरीचं, नजर जवळजवळ गेलेली, उजेड आणि सावली तेवढी कळते. म्हणून गाडी त्यांची, डोळे माझे. कान मात्र असे की मी त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला, तर कुठला ते पुढच्या खोलीतून सांगतात. रोज दोन-तीन घरं किंवा शाळा असतात. मी पोचवायचं, हत्यारांची पेटी आत न्यायची, आणि ते एकच पट्टी तासभर टणटण वाजवत बसतात तोवर शांत राहायचं. हे शांत राहणं माझ्या पायांना जमत नाही, म्हणून मी बाहेर जाऊन गाडी पुसतो. त्यामुळे गाडी फार स्वच्छ असते. हे मुद्दाम लिहिलं, कारण यापुढे गाडीबद्दल चांगलं काही येणार नाही.

तर गेल्या महिन्यात गाडीत ब्रेकचा लाल दिवा लागला. मी बॉनेट उघडून पाहिलं, तर ब्रेक ऑइलच्या डबीतलं तेल खालच्या रेघेच्याही खाली गेलेलं. दुकानातून बाटली आणली, वरच्या रेघेपर्यंत भरलं, दिवा विझला. मला फार बरं वाटलं. (भरताना थोडं बाहेर सांडलं, ते पुसायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी पुसलं तर फडक्याबरोबर तळहाताएवढा रंगही आला. ब्रेक ऑइल रंग खातं हे बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. साहेबांना दिसत नाही, म्हणून मी तो विषय काढला नाही.)

दिवा विझला, पण आठवड्याभरात ब्रेक ओरडायला लागले. पाय ठेवला की चीं. तुम्हा-आम्हाला ते चीं वाटतं, साहेबांना तो सूर वाटतो, आणि तोही चुकलेला. पहिल्या दिवशी ते नुसते दचकले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, हा पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे लोंबकळतोय, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. तिसऱ्या दिवशी दर सिग्नलला कानात बोटं. चौथ्या दिवशी म्हणाले, "हे बघ, हा आवाज डोक्यात बसला की मला दिवसभर पियानो लावता येत नाही. सोमवारपर्यंत आवाज जाईल, नाहीतर तू."

मामा, अकरा महिने झाले होते. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही दुकानात होतात, मागे दुरुस्तीला आलेलं कुठलंतरी शिलाई मशिन खडखडत होतं, आणि मी "काहीतरी करकरतंय" एवढं बोलेपर्यंत तुम्ही म्हणालात, "मग दोन थेंब सोड की! दोन वर्षं माझ्या हाताखाली काय फक्त चहा प्यालास?" आणि फोन ठेवलात. हा सल्ला ब्रेकसाठी होता असं मी मुळीच म्हणत नाही. काय करकरतंय ते तुम्ही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, दोघांचीही घाई होती. आपल्या दुकानात करकरीला दुसरं उत्तर मी कधी पाहिलेलं नाही. पायडल करकरलं, तेल. दाराची बिजागरी, तेल. मामींनी शिंकाळं टांगायची कडी आणली, तिला तेल. तेव्हा रविवारी पुढची दोन्ही चाकं काढली, तुम्ही निघताना दिलेली लांब चोचीची बाटली घेतली, आणि जी चकचकीत चकती चाकाबरोबर फिरते तिला दोन्ही बाजूंनी मन लावून तेल दिलं. दोन थेंबांवर भागलं नाही.

सोमवारी गाडी निघाली. पहिल्या वळणावर पाय ठेवला, आवाज शून्य. साहेब मागच्या सीटवर इतके खूश झाले की गुणगुणायला लागले. "कुणी शिकवलं रे तुला?" म्हणाले. मी तुमचं नाव सांगणार होतो, पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की आवाज गेला तसा ब्रेकही गेलाय. वाटेत सपाट रस्ता होता, मी हळू होतो, निभावलं. पण संगीत शाळेचं आवार उताराचं आहे. पायऱ्या आल्या, मी पाय दाबला, पायऱ्या गेल्या. खिडकीतून शिपाई हात हलवत होता, मीही हलवला. मग हँडब्रेक ओढला आणि गाडी आवारातल्या झुडपांच्या कुंपणात नाक खुपसून उभी राहिली. अगदी अलगद. काच नाही फुटली, पत्रा नाही चेपला.

साहेबांचं गुणगुणणं थांबलं. "मघाशीच थांबायला हवं होतं ना?" मी म्हटलं, "आज जरा पुढे लावली साहेब, सावलीत." (हे मी का बोललो ते मला अजून कळलेलं नाही. तोंड पायापेक्षा लवकर हललं.) त्यांनी दार उघडलं, काठी बाहेर काढली, पाय बाहेर टाकला आणि कमरेपर्यंत झुडपात गेले. तिथं उभं राहून त्यांनी चारी बाजूंना काठीने चाचपलं. मग फार शांतपणे म्हणाले, "इथं पूर्वी पायऱ्या होत्या."

गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली. गॅरेज एका बाईंचं आहे, सगळे त्यांना ताई म्हणतात आणि घाबरतात. त्यांनी चाक काढलं, चकतीवर बोट फिरवलं, वास घेतला. "हे शिलाई मशिनचं तेल आहे." मी हो म्हटलं. "गाडी चालवायची होती का शिवायची होती?" मग त्यांनी मागे वाकून पाहिलं. "मागच्या चाकांना नाही लावलंस ते?" म्हटलं, ती ओरडत नव्हती. त्या म्हणाल्या, त्यांचे उपकार मान, हँडब्रेक मागेच असतो. मग त्यांनी समजावलं, ते तुम्हालाही सांगतो. ब्रेकचं तेल गळालंच नव्हतं. चकतीला दाबून धरणारे पॅड झिजले की त्यांच्यामागचा दट्ट्या पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला तेल जातं, म्हणून डबीतलं खाली येतं. म्हणजे दिवा सांगत होता की पॅड संपत आले. मी वरून तेल ओतून दिव्याचं तोंड बंद केलं. मग पॅडला एक पत्र्याची पट्टी असते, ती मुद्दाम ओरडण्यासाठीच बसवलेली, ती ओरडली. तिचंही तोंड बंद केलं. "गाडीने दोनदा सांगितलं," ताई म्हणाल्या, "आता काय पत्र टाकायचं होतं तिने तुला?" हे सगळं साहेब बाजूला खुर्चीवर बसून ऐकत होते, कपाळावर एक पान चिकटलं होतं.

नवे पॅड बसले, चकत्या धुतल्या, गाडी आता थांबते. सगळं ठीक आहे, काळजी नसावी. तुमचं नाव कुठेही घेतलेलं नाही. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. सगळं ठीक आहे असं वर लिहिलंय ते गाडीपुरतं. तिची चावी साहेबांच्या खिशात आहे, ते टॅक्सीने जातात आणि मी मागच्या खोलीत बसून आहे. सावलीबद्दल खोटं बोललो ते मी कबूल केलं. लगेहात रंगाचंही सांगितलं. ते त्यांना बोटाने आधीच कळलं होतं.

ता. क. २ तुमचं नाव घेतलं होतं.

ता. क. ३ आता काम सांगतो. (फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही बोलू देत नाही.) साहेबांच्या धंद्यात अशी रीत आहे की शिकाऊ माणूस बाहेर पडताना गुरूने त्याला एक पत्र द्यायचं. त्यात काय येतं ते लिहायचं नाही, काय येत नाही तेवढंच लिहायचं, म्हणजे पुढचा माणूस सावध राहतो. साहेबांचं त्यांच्या गुरूने दिलेलं पत्र अजून पेटीत आहे. तसं पत्र तुमच्या अक्षरात आलं तर चावी परत मिळेल, नाहीतर महिनाअखेरीला मी निघायचं, म्हणजे वर्षाला नऊ दिवस कमी पडतील. तेव्हा मामा, एवढं करा. मला काय काय येत नाही ते मनापासून लिहा. आपल्या गल्लीत तुम्ही मला सगळं येतं असं सांगत फिरता ते मला माहीत आहे, पण इथं गल्लीतलं कुणी नाही.

ता. क. ४ तुम्हाला जमेल की नाही अशी शंका होती, म्हणून आधी मामींना गुपचूप विचारलं होतं. त्यांचं पत्र परवा आलं. चांगली चार पानं आहेत. मी ते साहेबांना वाचून दाखवलं, त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं, हसून हसून आलेलं डोळ्यातलं पाणी पुसलं, आणि म्हणाले, पत्र उत्तम आहे पण मला चालणार नाही, कारण यात तुझ्याबद्दल अर्धंच पान आहे, बाकी साडेतीन तुझ्या मामांबद्दल.