नागसेनच्या कूलरची तक्रार

कलबुर्गी

आप्पा, तुम्हाला अन् आईला जयभीम.

मी बरी हाय, वेळेवर जेवायलेय. फोनवर आईचा आवाज ऐकला की मला बोलताच येत न्हाई, म्हणून लिहायलेय.

आपला नागसेन ज्या कूलरच्या शॉकनं गेला, त्याची तक्रार ग्राहक आयोगानं घेतली. तसला कूलर घेतलेल्या सगळ्यांच्या वतीनं मी एकटीनं ती चालवावी, अशी परवानगीबी दिली. पेपरात नोटीस आली अन् लोक भेटायला यायलेत.

अफजलपूरच्या रुद्रम्मा अक्कांची सून तशीच गेली. माझ्यापाशी बसून त्या हळूच म्हणाल्या, "कूलरात पाणी भर म्हणून मीच सांगितलं होतं तिला."

आप्पा, हेच आई म्हणती.

तपासणीत दोन्ही कूलरांची वायर आतून पत्र्याला टेकलेली निघाली. कंपनीनंच तसं बनवलंय. तरी ऑफिसात कूलर सुरू झाला की मला नागसेनची 'ताई' म्हणून हाक ऐकू येती.

आई अजून कूलरच्या जागी बसून राहती का? तिला हे वाचून दाखवा. अक्कांना तिला भेटायचंय. रविवारी घेऊन येऊ का?

तुमची लेक,
पंचशीला