घोणस ठेचू नकोस

चि. बाजीराव यास थोरल्या आक्काचे आशीर्वाद.

पुण्यात मी बरी आहे. गुडघे गेले, तोंड शाबूत आहे. निरगुडसरला तू जेवतोस ना, की नुसता चहाच ढोसतोस?

हे लिहून घेतेय नात साक्षी. ती सापाच्या विषावर संशोधन करते. म्हणते, "आजी, औषध लांबच्या सापांच्या विषापासून करतात. आपल्याकडच्या घोणशीवर ते किती चालतं, हे तपासायला इथलीच जिवंत घोणस पाहिजे." तिच्या कामाला कुणी विचारत न्हाई. बिबट्या दिसला की टीव्हीवाले पळत येतात. साप चावून मेलेल्या बाईसाठी कोण येतंय राव!

तुझ्या बायकोला, चिमाला घोणस चावली, तेव्हा आपण तरी काय केलं? मी तिला कडुलिंबाचा पाला चारला. ती म्हणाली, "कडू लागतोय." मी म्हटलं, मग विष चढलं न्हाई, दवाखान्याची घाई नको.

तेव्हापासून दिसेल ती घोणस तू ठेचतोस. आता कांदे साठवलेल्या बराखीत निघाली तर काठी उचलू नकोस, सर्पमित्राला फोन लाव. चिमा माझ्या शब्दामुळं गेली. राग काढायचाच तर दिवाळीला मी येतेय, माझ्यावर काढ.

तुझीच,
आक्का