हॅरोचा नारळ

शुक्र. २८ ऑगस्ट. सेंट मेरीज, सिली बेटं.
पोचलो एकदाचे. फाल्मथपासून इथवर ओकून ओकून जीव गेला. मुकुंदचा औषधोपचार एकच : "हॉरिझॉनकडे बघ." जन्मभर लोकांना भूल दिली ह्या नवऱ्याने, मला एक गोळी देणं जमलं नाही.

आज नारळी पौर्णिमा. म्हणून तर आज पहाटे निघालो. जुलैत काय ऊन होतं! बोटीचा दुसरा अर्धा मालक पीटर, मु.चा हॉस्पिटलातला मित्र, रोज फोन करायचा, निघा, निघा. पण श्रीवर्धनहून सासूबाईंचा हुकूम : पौर्णिमेआधी बोट समुद्रात घालायची नाही, पौर्णिमेनंतर समुद्र शांत होतो. त्यात यंदा अधिक महिना, म्हणजे पौर्णिमा ऑगस्टच्या पार टोकाला. मी म्हटलं, "अरे, तो समुद्र तिकडचा. इथे इंग्लंडात सप्टेंबरात वादळं सुरू होतात." तर म्हणे, "आई म्हणतेय ना." रिटायर्ड कन्सल्टंट! आईने सांगितलं की ह्याचं डोकं बंद.

संध्याकाळी बोटीच्या नाकावर उभं राहून हळदकुंकू वाहिलं, नारळ सोडला. वेम्बलीच्या देशी दुकानातला, शेंडीवाला. मु.ने हात जोडले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. मी थंडीने काकडत होते.

शनि. २९
बोटीवरच्या संडासाबद्दल लिहिणार नव्हते. पण शी! हाताने दांडा मारत बसायचं, आणि जे खाली जायला हवं ते वर येऊन बघून जातं. गादी ओली. उशीला डिझेलचा वास. चहालाही.

त्याच चहाबरोबर मु.ने सांगितलं, "सात तारखेला, सोमवारी, एस्टेट एजंट येतोय. घराचे फोटो काढायला."
कुणाच्या घराचे?
आपल्या.
लंडनचं, हॅरोचं घर विकायचं, पीटरचा हिस्सा घ्यायचा, आणि इथे राहायचं. इथे! ह्या डब्यात! "मला विचारलंस?" "आत्ता विचारतोय ना. ट्रिप संपेपर्यंत सांग. तू नाही म्हणालीस तर कॅन्सल करतो."

म्हणजे वाईटपणा माझ्या पदरात. मी पुण्याची, नदीला पूर आला तरी पुलावरून बघणारी. ते घर मी उभं केलंय. कढीलिंबाचं झाड आत-बाहेर करून जगवलंय. चौदा तारखेला गणपती, पुढच्या हॉलमध्ये, त्याच कोपऱ्यात. पुढच्या वर्षी कुठे बसवायचा, संडासाच्या दांड्यापाशी?

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण रिटायर झाल्यावर दोन वर्षं हा माणूस मागच्या काचेच्या खोलीत, कन्झर्व्हेटरीत बसून शेजाऱ्यांच्या ट्रॅम्पोलीनकडे बघत होता, ते आठवलं. "बघू" म्हटलं. स्वतःचाच राग आला.

सोम. ३१
पाऊस. वाऱ्याचा इशारा. निघता येत नाही. मु. म्हणतो, "दोन दिवसांत निवळेल." आईने सांगितलं असेल.

पोह्यांना बुरशी. माझ्या पायांना पण येईल.

मँचेस्टरहून मनालीचा फोन. "आई, बाबा म्हणाला तिथे पाम ट्रीज आहे! लिटरली ट्रॉपिकल आयलंड! सो जेलस!" लेकीला काय सांगणार? पाम आहेत हे खरं. गल्फ स्ट्रीमच्या उबदार प्रवाहाची कृपा म्हणे. थंडीने ते पण वाकलेत. मु. ह्याला 'आपलं मालदीव' म्हणतो. मनालीला घराचं सांगितलेलं नाही, त्यानेही नाही.

बुध. २ सप्टें.
दिवसभर जमिनीवर. सगळे कपडे ओले झाले म्हणून लाँड्रेटला जायचं ठरलं. रबरी डिंगीतून जेटीपर्यंत जाताना जे काही कोरडं राहिलं होतं तेही भिजलं. छत्री पहिल्याच झोतात उलटी. मु. गातोय. मला त्याला पाण्यात ढकलावंसं वाटलं, अगदी खरंच.

मशीन रिकामं व्हायला वेळ होता. समोर कॅफे. आत ओल्या कुत्र्यांचा आणि ओल्या माणसांचा एकच वास. मला किळस इतकी आली की दारातूनच परत फिरणार होते. पण काउंटरभोवती गर्दी, आणि मालकीण जेनी सगळ्यांना काहीतरी दाखवत होती.

केकच्या थाळीवर नारळ.

सकाळी कुत्रा फिरवताना एका रिटायर्ड मास्तरांना किनाऱ्यावर सापडला. मास्तर समजावत होते : थेट कॅरिबियनहून! गल्फ स्ट्रीमबरोबर! वर्षानुवर्षं वाहत आला असणार. शेंडीला पिवळं दिसतंय ना, ते तिकडचं शेवाळं.

आमची हळद ती. मी खाली वाकून बघितलं, खोबणीत कुंकूसुद्धा होतं थोडं.

जेनी माझ्याकडे वळली. इथे सगळ्या गर्दीत आम्ही दोघंच काळे. "तुम्हाला कळेल. इज इट फ्रॉम युअर पार्ट ऑफ द वर्ल्ड?"
"हो," मी म्हटलं. "हॅरो."

सगळा कॅफे हसला. मास्तर तर टेबलावर हात आपटून हसले. जेनीने आम्हाला स्कोन फुकट दिले. खरं बोलल्यावर इतकं कौतुक माझं ह्या देशात कधी झालं नव्हतं. पाच दिवसांत पहिल्यांदा मी पोट धरून हसले आणि मु.कडे वळले, की आता हा सगळी कथा सांगणार, पौर्णिमा, कोळीवाडा, सगळं.

तो हसत नव्हता. तोंड पांढरं पडलं होतं.

लाँड्रेटमध्ये ड्रायरसमोर बसलो. मु. गरगर फिरणाऱ्या टॉवेलांकडे बघत म्हणाला, "घेतला नाही समुद्राने."
"भरतीने आणला, मुकुंद. सोडला इथेच, येणार इथेच."
"माहितीय." मग ड्रायरमध्ये आणखी एक नाणं टाकून : "बाबांचा एकदा आला होता परत. आईने त्या वर्षी होडी पाण्यात घालू दिली नाही. मग विकलीच. बाबा नंतर ओट्यावर बसून असायचे नुसते."

तो ओटा मी पाहिलाय, लग्नानंतर. त्यावर बसलेले मामंजीही. मला वाटायचं स्वभावच तसा असेल.

"आईला सांगू नकोस," मु. म्हणाला.

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. मला नाही म्हणायची गरजच नाही. सासूबाईंच्या कानावर एवढंच घालायचं, नारळ परत आला. त्या म्हणतील बोट विका, आणि हा विकेल. घर राहील, कढीलिंब राहील, गणपतीचा कोपरा राहील. वाईटपणा समुद्राचा.

कपडे वाळले नाहीतच. तसेच दमट कोंबून परत डब्यात.

गुरु. ३
वारा जरा पडला. जेटीवर रेंज चांगली येते. सासूबाईंचा फोन आलाच. मु.ने दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात दिला आणि दोरीच्या गाठीत खुपसून घेतलं स्वतःला. नेहमीचंच. आईशी बोलायची वेळ आली की बायको पुढे.

"नारळ गेला ना गं नीट? फिरून तर नाही आला?"

स्वच्छ ऐकू येत होतं. श्रीवर्धनचा कावळासुद्धा ऐकू येत होता. मु. तीच गाठ सोडत होता, बांधत होता. मान वर केली नाही.

"आई, इथे वारा फार आहे. ऐकू येत नाहीये. सोमवारी घरून करते फोन."

का? माहीत नाही. वाक्य तोंडात तयार होतं. स्वतःची शिसारी आली, आधी वाक्याची, मग ते न बोलल्याची. मु.ने थँक्यू म्हटलं नाही ते बरं. म्हटलं असतं तर सांगून टाकलं असतं.

शुक्र. ४
उद्या निघणार. दूध आणायला गेले तर कॅफेच्या खिडकीत नारळ, खाली निळी चिठ्ठी : कॅरिबियनहून आलेला पाहुणा. पोरं काचेला नाक लावून बघतायत. शेंडी कुणीतरी विंचरलीय.

रवि. ६. हॅरो.
घर. कोरडी गादी. संडासात पाणी जिथे जायला हवं तिथे जातं. हात लावून लावून भिंती बघितल्या. आनंद व्हायला हवा तेवढा झाला, खोटं कशाला लिहू.

मु. आल्यापासून कन्झर्व्हेटरीत. ट्रॅम्पोलीन आहे तिथेच आहे. घराचं विचारलं नाही, नारळाचंही नाही. मी चहा दिला तर "थँक्स" म्हणाला, आणि बोटीवर कसा दिवसभर बडबडायचा ते आठवून मला चीड आली. त्याची, बोटीची, त्या ओट्याची.

उद्या सकाळी सासूबाईंना फोन. मग दहाला एजंट.

दुपारी वेम्बलीला जाऊन गणपतीचं सामान आणलं. दूर्वा मिळाल्या नाहीत, दुकानदार आठवड्याने या म्हणाला. कापूर, सुपाऱ्या, गुलाल. नारळ हलवून, पाणी वाजवून, शेंडी बघून घेतला.

दोन घेतले. दुसरा पिशवीत तसाच आहे, दारापाशी, मु.च्या बोटीवरच्या बुटांशेजारी.