बाबांचे बोट आणि विहिरीची वाडी

मी, रावजी धाकू राऊत, वय अदमासे सहासष्ट, धंदा नारळी-सुपारीची वाडी, राहणार मौजे नागाव, तालुका अलिबाग, जिल्हा कुलाबा, डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवतो की, माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. मला कोणी धाक घातलेला नाही. बायको सोनाबाई रोजच घालते, पण या कामी घातलेला नाही. खाऊनपिऊन सुखी आहे, मरायची घाई नाही.

मिळकत देताना 'ही', 'ती', 'समोरची', 'पलीकडची' असे मोघम काही लिहायचे नाही, अशी लेखनिक गंगाधरपंतांना ताकीद दिली आहे. त्यांनी विचारले, "निदान 'हे मृत्युपत्र' तरी लिहू ना?" तेवढे लिहावे, कारण ते त्यांच्या हातातच आहे. बाकी सर्व नावाने आणि चतुःसीमेने. असे का, ते कलम चारमध्ये येईल.

कलम १. राहते घर, पूर्वेस गाडीरस्ता व पश्चिमेस धाकटा भाऊ मोरू याचा गोठा, सोनाबाईचे. तिच्यामागे मुलगी सत्यवती हिचे. सोनाबाईने माझ्या नावाने रडावे, पण जेवण सोडू नये.

कलम २. शिसवी मुठीचा कोयता माडावर चढणाऱ्या चंदरला द्यावा. मागितल्यावर परत आणून देताना त्याचा चेहरा पडतो, हे मी पाहिले आहे.

कलम ३. काठाला पोचा असलेला तांब्याचा हंडा चुलतभाऊ रघूने सत्यवतीच्या लग्नात नेला, तो त्याच्याकडेच राहावा. मात्र मी तो आपण होऊन दिला, असे गावभर सांगणे त्याने थांबवावे.

कलम ४. आमच्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. गावच्या रिवाजाप्रमाणे त्यांना ओटीवर बसवून पाच पंचांदेखत वाटणी झाली. घराच्या उत्तरेस गोड्या विहिरीची वाडी, दक्षिणेस खाऱ्या पाण्याची. बाबा म्हणाले, "ही मोरूला, ती रावजीला." कागदावर तेवढेच उतरले. कोणती कोणाला, ते बोटाने दाखवायचे होते आणि हात उचलत नव्हता. कोपराला आधार मी दिला. 'ही मोरूला' म्हणताना बाबांची नजर उत्तरेकडे होती. बोट दक्षिणेकडे गेले. पंच पाठीमागे उभे होते, त्यांनी बोट पाहिले आणि विहिरीची वाडी माझी झाली. हात आधार देताना वळला की मी वळवला, असे पंचवीस वर्षे मी स्वतःला विचारत आलो. मी वळवला. मोरूची बायको मनुबाई तेव्हापासून माझ्याच विहिरीवरून गोडे पाणी डोक्यावर वाहून नेते. तिला वाट देताना मला लाज वाटते.

सबब विहिरीची वाडी, उत्तरेस पाखाडीची दगडी पायवाट, दक्षिणेस माझे घर, रहाटासह, माझ्या पश्चात मोरूची. अदलाबदलीत मोरूकडून येणारी खारी वाडी सत्यवतीची. तिला सगळे सांगितले आहे. ती रुसली नाही.

कलम ५. वरील मजकूर आज मोरूला बोलावून वाचून दाखवला. तो म्हणाला, "दादा, मला ठावं हाय. मी बाबांच्या पायाशी बसलो व्हतो. त्यांचे डोळे दिसत व्हते, तुझा हात बी दिसत व्हता."

मी विचारले, "मग पंचांसमोर बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर वाडी मिळाली असती. पन तुला गावात तोंड दाखवायला जागा उरली असती का? बाबा तर चाललेच व्हते. तू तरी ऱ्हावास, म्हनलं."

 गंगाधरपंत लेखणी धरून बसले होते. त्यांना मी सांगितले ते असे: कलम चारमधील 'माझ्या पश्चात' हे शब्द खोडावेत व त्या जागी 'आजपासून' लिहावे. चोरलेली वस्तू परत करायला मालकाने माझ्या मरणाची वाट का पाहावी? फेरफाराचा अर्ज उद्याच देईन. रहाटाला बैल जुंपून सुपारीला पाणी सोडायला मोरू आत्ताच गेला आहे. त्याच्या बैलाला हाकारल्याचा आवाज येथे ऐकू येतो आहे आणि मला फार बरे वाटते आहे.

खाडाखोड वाचून पाहिली, मान्य आहे.

सही: रावजी धाकू राऊत

साक्षीदार:
१. अलीमियाँ, सुपारीचे व्यापारी, चौल
२. नारायण मास्तर, नागाव

लेखनिक: गंगाधरपंत

मुक्काम नागाव, बुधवार, तारीख १२ डिसेंबर १९३४