आगंतुक मुळं

२ फेब्रुवारी
सकाळी प्लंबर आला. बिल्डिंगचं तळमजल्यावरचं गटार तुंबलं होतं. त्याने सळई घालून ओढलं, तर पाइपातून वेणीएवढा जाड मुळांचा गुंता बाहेर आला. माझ्या जास्वंदीचा. मी बॉटनीची पदवीधर, फर्स्ट क्लास. मुळाचं कामच पाणी शोधणं. पाइपला चीर होती हा पाइपचा दोष, झाडाचा नव्हे. सेक्रेटरींना हे उभ्या उभ्या समजावून सांगितलं. ते घड्याळाकडे बघत होते. मार्चअखेर झाड तोडायचं ठरलं.

अशी फिकट पिवळी, मध्ये गर्द ठिपका असलेली जास्वंद आसपास कुठे नाही. सूनबाईला ती फार आवडते. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आली तेव्हा माझ्याशी बोलायच्या आधी ती झाडाशी जाऊन उभी राहिली होती. मी ते मनावर घेतलं नाही.

संकल्प: तिच्या बाल्कनीसाठी फांदी लावून रोप तयार करायचं. झाड पडण्याआधी.

३ फेब्रुवारी
तीन फांद्या लावल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, पेराच्या खाली तिरपा काप, कुंडीत वाळू आणि माती निम्मी निम्मी. क्रमांक एक, दोन, तीन. फांदीला जी मुळं फुटतात त्यांना आगंतुक मुळं म्हणतात. बियांतून आलेली नव्हेत, न बोलावता भलत्याच जागी उगवलेली. ह्यांना हे सांगितलं. हे पेपरमागून म्हणाले, ओळखतो मी. बॉटनीत ह्यांना कधीपासून रस, कोण जाणे.

चिरंजीवांना फोन करून सांगितलं की बायकोला कळव, जास्वंद लावली आहे, प्रगती मी ग्रुपवर टाकत जाईन. हो हो, म्हणाला. जबाबदार मुलगा आहे.

नियम: कुंडीला हात लावायचा नाही. मूळ अंधारात वाढतं. टोकाला टोपी असते, ती माती भेदत जाते. टोपीच्या जरा मागे केसासारखे मूलरोम असतात, पाणी शोषतात ते हेच. उपटलं की हे मूलरोम तुटतात. ज्याला हे माहीत नाही तोच माणूस रोप उपटून बघतो.

६ फेब्रुवारी
क्रमांक एक उपटून बघितली. उतावीळपणा नव्हे, तपासणी. शास्त्रात निरीक्षणाला पर्याय नाही. मुळं नाहीत. परत लावली.

९ फेब्रुवारी
तिन्ही बघितल्या. क्रमांक दोनच्या बुडाशी पांढरट फुगीर काहीतरी दिसलं. नखाने खरवडून पाहिलं, म्हणजे खात्री होते. आता ते नाही.

घरात काही सुचत नव्हतं म्हणून सूनबाईकडे गेले. दोघंही ऑफिसात. माझ्याकडे किल्ली असते. घर घेतलं तेव्हा चिरंजीवांनीच दिली, अडीअडचणीला असू दे म्हणून. फ्रिज साफ करणं ही अडचणच होती. फ्रिजच्या दारात इंजेक्शनांचे खोके दाटीवाटीने ठेवलेले. व्हिटॅमिन असावीत, हल्ली सगळेच घेतात. मागच्या कप्प्यात नीट रचून ठेवले. मसाल्यांचे डबे उंचीनुसार लावले. मी त्यांच्या संसारात ढवळाढवळ करत नाही, हे सूनबाईलाही जाणवत असेल.

१५ फेब्रुवारी
ग्रुपवर पहिला रिपोर्ट. ग्रुपवर आम्ही चौघंच, हे, मी, चिरंजीव आणि सूनबाई. फोनवर बोललं की तो आपोआप लिहितो, फक्त ळ त्याला जमत नाही. ‘मूळ’ म्हटलं की ‘मूल’ लिहितो. दुरुस्त करायचं मनात होतं, पण शास्त्रीय शब्द मूलरोमच आहे, मूळरोम नव्हे. संस्कृतात ‘मूल’ हेच शुद्ध. म्हणून तसंच पाठवलं:

“अजून मूल नाही. रोज लक्ष ठेवून आहे.”

मोजकं आणि मुद्द्याचं. कोणी उत्तर दिलं नाही.

१९ फेब्रुवारी
समोरच्या दारातल्या बँकवाल्या बाईंनी कुठलीशी मनीप्लँटची काडी बाटलीत ठेवली होती. तिला मुळं आली म्हणून मला बोलावून दाखवली. मनीप्लँटला काय, खुर्चीच्या पायाला बांधला तरी मुळं येतील. तरी नोंद म्हणून ग्रुपवर टाकलं:

“समोरच्या बाईंकडे पंधरवड्यात मूल आलं. इथे काही चिन्ह नाही. दोष मातीचा नसावा.”

मग पूर्णतेसाठी आणखी एक: “कोवळी असताना करायला हवं होतं. आता निबर झाली आहे.”

हे म्हणाले, हे असं ग्रुपवर कशाला? मी म्हटलं, ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना कळायला नको? हे चष्मा काढून बघत राहिले, मग फिरायला गेले. ह्यांना माहितीचं महत्त्व कधीच कळलं नाही.

२४ फेब्रुवारी
क्रमांक एक काळी पडली. वासही येतो. ग्रुपवर कळवलं: “हिला मूल धरणार नाही. फेकून दुसरी आणते.”

सूनबाईने ग्रुप सोडला. फोनची मेमरी भरली असेल.

२६ फेब्रुवारी
सूनबाईला तीनदा फोन. उचलला नाही. कामाच्या जागी फोन न उचलण्याची शिस्त मला आवडते. रविवारी येणार होते, येत नाहीत. चिरंजीवांनी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आवाज बसल्यासारखा वाटला. गरम पाण्याच्या गुळण्या कर, असं मी सांगितलं.

दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. क्रमांक दोन आणि तीन सकाळी व संध्याकाळी तपासल्या. तपासणीत सातत्य हवं.

४ मार्च
क्रमांक दोन गेली. क्रमांक तीनची पानं गळून नुसती काडी उरली आहे. नवीन लावाव्यात तर झाडावर सेक्रेटरींनी आधीच कात्री चालवली, जाड खोडंच शिल्लक. वाळूची प्रत चांगली नव्हती हे माझ्या आधीच लक्षात आलं होतं. क्रमांक तीन ओट्याखालच्या केराच्या डब्यात टाकली.

ह्यांनी ती उचलली. ह्यांच्या टोमॅटोच्या रोपाला आधार हवा होता. कुंडीत खुपसली, सुतळीने रोप बांधलं. मी म्हटलं, मेलेली काडी आहे. हे म्हणाले, आधाराला जिवंत कशाला लागते?

८ मार्च
चिरंजीव एकटेच आले. चहा घेतला नाही. माझ्यापुढे फोन धरला आणि माझे रिपोर्ट एकेक करून मोठ्याने वाचले. त्यांच्या तोंडून ऐकताना काही ठिकाणी मलाही ते जरा वेगळे वाटले. विशेषतः “फेकून दुसरी आणते.”

मी लगेच खुलासा केला. ळ, ल, फोन, मूलरोम, संस्कृत, सगळं क्रमाने सांगितलं. तुला फांद्यांचं सांगितलं होतं आणि तू हो हो म्हणाला होतास, याचीही आठवण करून दिली. ते डोकं धरून बसले. हे आतल्या खोलीत गेले. हसत होते की काय, खांदे हलत होते.

मग चिरंजीव म्हणाले, “आई, दोन वर्षं आम्ही डॉक्टरांकडे खेटे घालतोय. तुझ्या लक्षात नाही आलं?”

मी म्हटलं, मी कोणाच्या खाजगी गोष्टीत लक्ष घालत नाही.

ते म्हणाले, “आमचा फ्रिज कोणी लावला मग?”

त्या खोक्यांवर व्हिटॅमिन असं लिहिलेलं नव्हतं, हे आता आठवतंय. दुपारी झोपायचा प्रयत्न केला. जमलं नाही. कपाट आवरलं. पुन्हा आवरलं.

९ मार्च
सूनबाईला सविस्तर मेसेज लिहिला. बोलून नव्हे, एकेक अक्षर शोधून. ळ बोट दाबून धरलं की मिळतो. वनस्पतीच्या मुळाची रचना, कार्यं, आणि त्यावरून झालेला गैरसमज, असा क्रम ठेवला. शेवटी ‘मला फक्त मूळ हवं होतं’ असं लिहिलं. ह्यांनी वाचून शेवटचं वाक्य काढायला लावलं. बाकीचंही काढायला लावलं. उरलं ते: ‘चुकले. ये.’

माझा दर्जा असा नाही. पण पाठवला.

२१ मार्च
झाड पडलं. तोडणाऱ्यांनी बुंधा हलवून हलवून काढला. खाली मुळं कुठवर गेली होती, ते पाहून सेक्रेटरीही घड्याळ बघायचं विसरले. एवढी वर्षं ते झाड कशाला धरून उभं होतं ते आज दिसलं. मी खिडकीतून बघत नव्हते. पडदा बाजूला करून तिथे उभी होते, इतकंच.

संध्याकाळी हे म्हणाले, इकडे ये जरा. टोमॅटोला लावलेल्या काडीला पेराशी दोन हिरवे कोंब. मी खाली वाकले. ह्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, फक्त बघायचं.

तीन नंबर. वाळू पहिल्यापासून चांगलीच होती.

१० एप्रिल
सूनबाई आली. ह्यांनी फोन केला होता म्हणे. तोंड बारीक झालंय. मी विषय काढला नाही, कुंडी पुढे केली. टोमॅटो ह्यांनी आधीच वेगळा केला होता. फांदीला आता सहा पानं. तिने एका पानावरून बोट फिरवलं. मी मूलरोमांबद्दल सांगू लागले तर तिला हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग पुन्हा हसू. मला काय करावं ते कळेना, म्हणून तिच्या पदराला लागलेली माती झटकली.

कुंडी घेऊन जाताना म्हणाली, “आई, आता महिनाभर कोणी काही विचारायचं नाही. झाडाबद्दलसुद्धा नाही.”

मी म्हटलं, अगदी बरोबर. शास्त्रीयदृष्ट्याही बरोबर. मूळ धरतं आहे तोवर धक्का लागता कामा नये.

संकल्प: महिनाभर विचारणार नाही.

१३ एप्रिल
विचारलं नाही. दिवस फार लांब आहेत.

१५ एप्रिल, दुपारी
विचारायचं नाही असं ठरलंय. बघायचं नाही, असं कोणी म्हटलेलं नाही.

त्याच बाजूला काम होतं. काम कोणतं ते वाटेत ठरवलं. ऑफिसची वेळ, घरी कोणी नसणार, म्हणजे कोणाला त्रासही नाही. किल्लीने दार उघडून बाल्कनीत गेले. रोप छान दिसत होतं. पण वरून काहीच सांगता येत नाही, सगळं खाली असतं. बोटाने माती जरा सैल केली. मग आणखी जरा. मग ते हातात आलं.

मुळं उत्तम. पांढरी, दाट, टोकं शाबूत. निदान उपटेपर्यंत होती. माझ्या पदवीला शोभतील अशी मुळं.

मागे वळले तर सूनबाई दारात उभी. गाऊनमध्ये, केस विस्कटलेले, एक हात पोटावर. ऑफिसचा दिवस असून घरीच. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं, आणि मी शब्द पाळते.

रोप माझ्या हातातच होतं. तिला खाली वाकायचं नव्हतं बहुतेक, म्हणून मला बोटाने दाखवलं: परत लावा. मी लावलं. माती दाबली. पानं मान टाकत होती. तिने बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि मी चपला घालेपर्यंत तिथेच थांबली.

१५ एप्रिल, संध्याकाळी
चिरंजीवांचा फोन ह्यांना आला, मला नाही. हे नुसते हं, हं करत होते. नंतर दूध आणतो म्हणून बाहेर पडले आणि दूध न घेताच परत आले.

खुंटीकडे पाहिलं. त्यांच्या घराची किल्ली तिथे नाही. ह्यांना विचारलं. म्हणाले, त्यांनी मागून घेतली.

डुप्लिकेट करून घ्यायची असेल.