दुरुस्तीला गेलेला ओव्हन

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

तू म्हणालीस तसा आईचा गोल ओव्हन जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवला. आधी फोटो पाठवले, तेव्हा स्वारी भलतीच खूश होती. मूळची वायर, झाकणावरची सोनेरी अक्षरं, वर धरलेला काळपटपणा. "आहे तसाच राहू द्या, हातसुद्धा लावू नका," म्हणाला.

मी लावला नाही. पण ओव्हन कुठे चाललाय, असं आईने विचारलं तेव्हा मी म्हणाले, दुरुस्तीला. विकतेय म्हणायला जीभ रेटली नाही. आणि तिचा नियम तुला ठाऊकच आहे, परक्याच्या हाती मळकं भांडं द्यायचं नाही. मी आंघोळ करून येईपर्यंत तिने तारेच्या घासणीने ओव्हन लख्ख केला होता. माझं नाव हल्ली तिला आठवत नाही, पण घासणं हातांना पाठ आहे.

ओव्हन न्यायला घरी आलेल्या व्यापाऱ्याने झाकण उजेडात धरलं. "अहो बाई, जुनेपणाचेच तर पैसे होते! तेच धुऊन टाकलंत?"

आई दारातून म्हणाली, "तुमच्याकडे कोणी घासत नसेल, म्हणून नवल वाटतंय."

तो हसला. मीही हसले. निम्म्या भावात ओव्हन गेला.

तेव्हापासून रोज तेच.

"आला का गं ओव्हन?"

"येईल."

"एवढं झालंय तरी काय त्याला?"

बाकी विशेष काही नाही, असं लिहिणार होते. पण वृद्धाश्रमात जागा झालीय. गुरुवारी न्यायचंय. दोनदा ती गॅस उघडा ठेवून झोपली, ताई. मी दिवसभर कामावर. दुसरं काय करू, तूच सांग.

काल तिला म्हटलं, थोडे दिवस एका ठिकाणी जायचंय. आज उठून पाहते तर ही न्हाऊन, वेणी घालून पलंगावर बसलेली. नखं कापलेली. टाचा घासून घासून लाल केलेल्या.

"मलाही दुरुस्तीलाच ना गं?" म्हणाली.

मी हो म्हणाले.

गुरुवारी ये. तिथून एकटीने परत फिरणं मला जमायचं नाही.

तुझी,
पुन्हा खोटं बोललेली धाकटी