गोठ्याच्या भिंतीवरचा टीव्ही

मामा,

तुम्ही रानात पाणी धरायला गेलाय आन् माझी कंपनीची गाडी यायची वेळ झाली, म्हणून लिहून ठेवते.

हे गेल्यापासून, दोन वर्षं झाली, तुम्ही घरात बसत न्हाई. दिवसभर गोठ्यापुढं बाजेवर एकटे असता. म्हणून काल घरातला टीव्ही बाहेर गोठ्याच्या भिंतीला लावलाय. वर जुना पत्रा ठोकलाय, नवीन काही आणलं न्हाई. वायर खिडकीतून घेतलीय, ती पायात येऊ देऊ नका. स्पीकर यांचाच हाय, पोळ्याच्या मिरवणुकीला घेतलेला. तुम्हाला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून बाजेच्या उजव्या अंगाला टांगलाय. पाऊस आला तर आधी खिडकीतलं बटण बंद करा, मगच ताडपत्री ओढा.

काल कामाचं सांगितलं तवा तुम्ही एवढंच म्हणालात, "जा बाई, तुझं अजून वय हाय." मग जेवलाच न्हाई. तुमच्या मनात काय आलं ते मला कळलं, पण तुमच्यापुढं तोंड उघडलं न्हाई.

मामा, मी कारेगावला कामाला चाललेय, माहेराला न्हाई. पिशवीत फक्त डबा आन् कंपनीचा ड्रेस हाय. माझ्या साड्या कपाटातच हायेत. कपाट उघडं ठेवलंय, घरात जाऊन बघा.

दुपारचं जेवण टोपलीत झाकलंय. संध्याकाळच्या भाकरी मी आल्यावर थापते. गाडीला उशीर झाला तरी मी येणार हाय.

तुमची सून,
राजनंदिनी